कुलूपबंद नाताळ

नाताळात गावाला जायचं आणि तरीही घरातच राहायचं, ही कल्पना बॅगवाल्यांना सुचली ती दुकानात, एका सुटकेसची अडकलेली चेन ओढताना. नेमकी त्याच वेळी चेन सरकली आणि बॅगवाल्यांनी तो शुभशकुन मानला. वीतभर पुढे जाऊन ती पुन्हा अडकली, तिकडे त्यांनी दुर्लक्ष केलं. शकुन किती वेळ बघत बसायचा यालाही काही मर्यादा असते.

बॅगवाले बॅगा विकत नसत, दुरुस्त करत. तुटलेल्या मुठी, निखळलेली चाकं, दात पडलेल्या चेनी. लोकांच्या बॅगा देशोदेशी फिरून त्यांच्यापुढे येऊन पडायच्या आणि ते स्वतः घर ते दुकान एवढाच प्रवास करायचे, तोही पायी. हल्ली लोक बॅग फाटली की दुरुस्त करत नाहीत, नवी घेतात. त्यामुळे घरात कमावती माणसं दीड होती. एक वहिनी आणि अर्धे बॅगवाले.

वहिनी म्हणजे त्यांची बायको. अख्खी बिल्डिंग तिला वहिनी म्हणायची. ती शिलाई मशीनवर कपडे शिवायची आणि त्या मशीनवर घर चालायचं. फक्त मशीन अजून पुरतं त्यांचं झालं नव्हतं. ते हप्त्यावर घेतलं होतं. तसं पाहिलं तर त्या घरात पुरतं त्यांचं झालेलं थोडंच होतं. वहिनींचे वडील, आण्णा, यांच्याकडेच राहायचे, आणि आण्णांच्या कवळीतले खालचे दात अजून दातांच्या डॉक्टरांचेच होते. किराणावाल्याची उधारी होती ती वेगळीच. पण डॉक्टर दात काढून नेणार नव्हते आणि किराणावाला खाल्लेले तांदूळ परत मागणार नव्हता. मशीनवाला मात्र मशीन नेणार होता. एक हप्ता चुकला की तंबी, दुसरा चुकला की मशीन परत, असा त्याचा रोखठोक कारभार होता. तंबी मिळून झाली होती. पुढचा हप्ता नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचा होता.

आणि नाताळातच तर ताटल्या असत.

बिल्डिंग छोटी, दोन मजल्यांची, घरं चार. नाताळच्या सकाळी प्रत्येक घरातून प्रत्येक घरी रुमालाने झाकलेली एक ताटली जायची. आलेली ताटली रिकामी परत करायची नाही, आणि आली त्यापेक्षा हलकी तर मुळीच नाही. सुरुवात कधीतरी केकच्या दोन तुकड्यांनी झाली असणार. मग कोणीतरी अख्खा केक पाठवला. त्याला उत्तर म्हणून केक आणि टॉवेल आला. टॉवेलला कपबश्यांनी उत्तर दिलं, कपबश्यांना भिंतीवरच्या घड्याळाने. गेल्या वर्षी तळमजल्यावरच्या ड्रायव्हरदादांनी प्रत्येक घरात माणशी एक छत्री पाठवली. छत्र्या ताटलीत मावेनात, म्हणून छत्र्यांवर ताटली ठेवून आणली. त्या छत्र्यांच्या तोडीस तोड काहीतरी परत करताना बॅगवाल्यांचा एक हप्ता बुडाला होता. तंबी मिळाली होती ती त्याचीच.

"सरळ सांगू या ना," वहिनी म्हणाल्या. "यंदा परवडत नाही म्हणावं."

बॅगवाल्यांना धक्काच बसला. एवढ्या वर्षांच्या संसारात बायको असं काही बोलेल असं त्यांना वाटलं नव्हतं. सांगायचं म्हणजे काय, तोंडाने सांगायचं? समोरच्या माणसाच्या डोळ्यात बघून? बॅगवाले गरीब असतील, पण ते लोकांना कळावं इतके गरीब नव्हते. त्यांनी वहिनींना आपली योजना समजावली. सगळ्यांदेखत बॅगा घेऊन बाहेर पडायचं, पुढच्या दाराला कुलूप घालायचं, अंधार पडला की बोळातल्या लोखंडी जिन्याने मागच्या दारातून आत यायचं आणि नाताळ संपेपर्यंत चूप बसायचं. घर बंद म्हटल्यावर ताटली येणार नाही, ताटली आली नाही की द्यायची नाही, आणि हप्त्याचे पैसे जिथल्या तिथे. वहिनींनी हातातला कपडा खाली ठेवून नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा उचलला. हा बॅगवाल्यांनी होकार धरला.

पहिली घोषणा जिन्यावर ड्रायव्हरदादांपुढे झाली. आम्ही यंदा मेव्हण्याकडे चाललो, असं बॅगवाल्यांनी शक्य तितक्या सहज सांगितलं. दादांनी लगेच सल्ला दिला. मागच्या चाकावरची जागा घेऊ नका, पाण्याची बाटली पायाशी ठेवू नका, घाट लागला की बोलू नका. दादांना बसमधल्या प्रत्येक जागेबद्दल मत होतं. सगळं सांगून झाल्यावर ते थांबले आणि त्यांनी विचारलं, "मग ताटलीचं कसं?"

यंदा नाही जमायची, मलाच फार वाईट वाटतंय, असं बॅगवाले म्हणाले. म्हणजे घर बंद असलं तर द्यायची नसते, असं दादांनी स्वतःशीच दोनदा म्हणून पाहिलं आणि घरात गेले. बॅगवाल्यांना वाटलं, आपण नसणार म्हणून माणसाला किती लागलं.

सोसायटीचे सेक्रेटरी मास्तर. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले तेव्हा ते शाळेतून सुटले, शाळा त्यांच्यातून सुटली नाही. पूर्वी कोणीतरी इस्त्री चालू ठेवून गावाला गेलं होतं, तेव्हापासून बाहेरगावी जाणाऱ्याने मास्तरांकडे लेखी अर्ज करायचा आणि मास्तरांनी मीटरच्या खोलीत जाऊन त्या घराचा मेन स्विच बंद करायचा, असा नियम होता. बॅगवाल्यांनी 'प्रवासाचे कारण' या रकान्यात 'आनंद' लिहिलं. मास्तरांनी अर्ज परत केला. आनंद हे कारण होऊ शकत नाही, तो परिणाम आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग 'कौटुंबिक' लिहिलं, तर कुटुंबातलं नेमकं कोण, हा प्रश्न आला. मेव्हण्याचं वय बॅगवाल्यांना सांगता येईना. तिसऱ्या खेपेला अर्ज मंजूर झाला, तेव्हा मास्तरांनी तो पुन्हा उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे असा अर्ज केला की ताटलीतून सूट मिळते, असं तुमचं म्हणणं?"

बॅगवाले म्हणाले की सूट वगैरे नाही, नाइलाज आहे. मास्तर मान डोलवत राहिले. मेन स्विच बंद होणार, हे बॅगवाल्यांच्या ध्यानात आलं ते घरी परतल्यावर. म्हणजे दिवे नाहीत, पंखा नाही, आण्णांचा रेडिओ नाही. आण्णांनी रेडिओची बातमी ऐकली आणि आपल्याला खरोखरच गावाला पाठवा असा हट्ट धरला.

राहता राहिल्या समोरच्या नर्सताई. त्यांनी बॅगवाले कुठे चाललेत हे ऐकून आनंदाने हातच धरले, कारण त्यांची बहीण त्याच गावात राहायची. बहिणीच्या छोटीसाठी एक बाहुली घेतली होती. तेवढी पोचवा. खोका चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद केलेला होता आणि नर्सताईंनी फक्त एकच सूचना दिली, की हलवू नका, हलली की हसते. किती वेळ हसते, हे बॅगवाल्यांनी विचारायला हवं होतं. उलट नर्सताईंनीच बरंच विचारलं. कधी निघणार, कधी येणार, आणि एकटी बाई असली तरी मास्तर अर्ज घेतात का.

निघायच्या दिवसाची आखणी बॅगवाल्यांनी पक्की केली होती. स्टँडच्या रस्त्यावरच हप्त्याचं दुकान होतं. जाता जाता हप्ता भरायचा, मग बागेत बसून अंधाराची वाट बघायची. पैसे त्यांनी बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवले. मुलीला, म्हणजे चिमणीला, हा लपाछपीचा खेळ आहे असं सांगितलं. चिमणी सात वर्षांची होती आणि राज्य कोणावर आहे एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. ते तिला कोणाला सांगता आलं नाही.

दाराला कुलूप घालून खाली आले, तर ड्रायव्हरदादा इस्त्रीचा गणवेश घालून उभे. त्यांनी बॅगवाल्यांच्या हातातल्या बॅगा काढून घेतल्या. शेजारी कशाला असतात, असं त्यांचं म्हणणं. बॅगवाल्यांनी सगळ्या परीने नको म्हणून पाहिलं. हप्त्याचं दुकान आलं, त्याच्यासमोरून बॅगा घेतलेले दादा पुढे आणि हप्त्याच्या पैशांचे मालक मागे, अशी मिरवणूक निघून गेली. दादांदेखत त्या दुकानाची पायरी चढणं म्हणजे सगळ्या बिल्डिंगला बोलावून सांगण्यासारखंच होतं. वहिनींनी कोपराने ढोसलं, तेव्हा बॅगवाले आकाशातले ढग बघू लागले.

स्टँडवर दादांनी सर्वांना एका बसमध्ये चढवलं, खिडकीची जागा मिळवून दिली आणि कंडक्टरला बजावलं की ही आमची घरची माणसं आहेत, शेवटच्या स्टॉपपर्यंत सांभाळून ने, मध्ये कुठे उतरू देऊ नकोस. कंडक्टर शब्दाला जागणारा निघाला. पहिल्या थांब्यावर बॅगवाले उठले, त्याने खांद्याला धरून बसवलं. दुसऱ्या थांब्यावरही तेच. खरं तिकीट, तेही साडेतीन माणसांचं, हातात घेऊन बॅगवाले खिडकीतून मागे पळणारं गाव बघत होते. आपण खरंच चाललो आहोत, हे आता कुठे त्यांच्या लक्षात आलं. आयुष्यात पहिल्यांदा ते प्रवासाला निघाले होते, आणि तोही मनाविरुद्ध.

सुटका केली ती आण्णांनी. पोटात कळ आल्याचं त्यांनी इतकं छान वठवलं की शेजारच्या बाईने पिशवी पुढे केली. बस एका टपरीपाशी थांबली, चौघं उतरली आणि बॅगवाल्यांनी सासऱ्यांची मनापासून पाठ थोपटली. आण्णांनी त्यांना बाजूला ढकललं. कळ खरी होती.

परत यायला भाजीचा एक टेंपो मिळाला. कोबीच्या पोत्यांवर बसून, बॅगा मांडीवर घेऊन ते गावात शिरले, तेव्हा हप्त्याचं दुकान बंद झालं होतं. बोळातून लोखंडी जिन्याने चोरासारखे वर चढताना बाहुली हसली. चिमणी सोडून सगळे जागच्या जागी थिजले. चिमणी बाहुलीबरोबर हसली.

घरात अंधार. पण पहिली रात्र निर्विघ्न गेली आणि बॅगवाल्यांना आपल्या बुद्धीचं कौतुक वाटलं. सकाळी वहिनी नेहमीप्रमाणे मशीनपाशी जाऊन बसल्या. त्यांनी चाकाला हात लावला आणि तशाच थांबल्या. बॅगवालेही थांबले. हे मात्र त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते मशीन चाललं की खाली मास्तरांच्या छताला कळायचं. आणि नाताळचे दिवस म्हणजे वहिनींच्या कामाचे दिवस, उशाशी फ्रॉकांचा ढीग पडलेला.

"मशीन वाचवायला मशीन बंद," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "असं डोकं तुमचंच चालू शकतं."

बॅगवाल्यांना हे लागलं. पण उत्तर द्यायला आवाज चढवावा लागला असता आणि ते बाहेरगावी होते. वहिनी खिडकीच्या फटीतल्या उजेडात हाताने टाके घालत बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याशी बोलणंच सोडलं, आणि तशी शांतता हवीच असल्यामुळे त्याची तक्रारही करता येईना.

फोडणी घालायची नाही, वास जातो. नळ सोडायचा नाही, पाइप वाजतो. उकडलेले बटाटे आणि पाव, पाव आणि उकडलेले बटाटे. आण्णा दुपारी घोरायला लागले की त्यांना कुशीवर वळवायची पाळी बॅगवाल्यांची. एकदा आण्णांनी झोपेतच बातम्या सांगितल्या.

पण खरा जीव टांगणीला लागला तो दुसऱ्याच गोष्टीने. बिल्डिंग शांत होत चालली होती. पहिल्या दिवशी खालून दादांच्या मुलांचा दंगा ऐकू यायचा. मग तो एकदम थांबला. दादांचं घर सहा माणसांचं, त्या घरात शांतता कधी कोणी ऐकली नव्हती. नर्सताईंची चप्पल जिन्यावर वाजायची बंद झाली. मास्तरांचं सकाळचं खाकरणं थांबलं. बॅगवाल्यांनी याचा एकच अर्थ काढला. यांना संशय आला आहे आणि सगळे मिळून कान लावून बसले आहेत. दिवेलागणीला मागचा लोखंडी जिना हळूच करकरला, तेव्हा तर ते लाटणं घेऊन दाराआड उभे राहिले. कोणीतरी दबक्या पावलांनी चढत होतं. मग आधी समोर आणि पाठोपाठ खाली कोणाच्या तरी दाराची कडी अलगद पडली आणि सगळं शांत झालं. चोर असेल तर ओरडायला हवं, पण ओरडलं तर आपण घरात आहोत हे कळणार. बॅगवाल्यांनी चोराला आपल्या मनाप्रमाणे करू दिलं. फक्त तो मास्तरांकडचं काही नेणारच असेल तर त्याने निदान अर्जांचा गठ्ठा न्यावा, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

हप्ता तसाच होता. रोज बाहेर पडू म्हणून बॅगवाले निघायचे आणि रोज मागचा जिना करकरायचा. असं करता करता नाताळचा आदला दिवस उजाडला आणि मावळला.

अंधार पडल्यावर खाली फाटक वाजलं. मोठमोठी पावलं आत आली. कोणीतरी मास्तरांचं दार ठोठावलं.

"मास्तर. हप्ता न्यायला आलोय."

आवाज हप्त्याच्या दुकानातल्या वसुलीवाल्याचा होता. तो बॅगवाल्यांनी लगेच ओळखला, आणि मग शब्द त्यांच्या डोक्यात शिरले. मास्तर. हप्ता. त्यांना वाटलं, माणूस चुकला, पत्ता विचारत असेल. पण मास्तरांकडून उत्तर आलं नाही. अर्ध्या घंटीला दार उघडून, घंटी कशी वाजवावी हे समजावून सांगणारे मास्तर गप्प होते. वसुलीवाल्याने दादांचं दार वाजवलं. हप्ता. तिथेही कोणी नाही. मग पावलं जिना चढून वर आली. नर्सताईंचं कुलूप खडखडलं. शेवटी बॅगवाल्यांचं.

दाराखालच्या फटीतून बॅटरीचा उजेड आत आला आणि फरशीवर फिरला. चौघांनी पाय वर घेतले.

"अख्खी बिल्डिंगच पळाली," वसुलीवाला बाहेर स्वतःशी म्हणाला. मग बंद दाराला ऐकवल्यासारखं म्हणाला, "बरं. मग परवा हातगाडी घेऊन येतो. कुलूप फोडून मशीन उचलतो."

वहिनी उठल्या. बॅगवाल्यांनी त्यांचा हात धरला आणि कानाशी कुजबुजले की आपण गावाला आहोत.

"तुम्ही असाल," वहिनी म्हणाल्या. कुजबुजून नाही, सरळ म्हणाल्या. "मी माझ्या मशीनपाशी आहे."

त्यांनी बॅगेच्या आतल्या कप्प्यातून पैसे काढले. पण दार उघडणार कसं, कुलूप बाहेरून होतं. वहिनी गुडघ्यांवर बसल्या आणि दाराखालच्या फटीतून नोटा एकेक करून बाहेर सरकवू लागल्या.

बाहेर काय झालं ते बॅगवाल्यांनी नुसतं ऐकलं. आधी वसुलीवाल्याची पावलं मागे सरली. मग बॅटरी पडली. बायकोला थांबवायला पुढे धावलेल्या बॅगवाल्यांचा पाय खोक्याला लागला आणि अंधारात बाहुली हसायला लागली. ती बाहुली थांबणाऱ्यातली नव्हती. बाहेरचा माणूस देवाची नावं घेऊ लागला.

"घाबरू नका," वहिनी दाराआडून म्हणाल्या. "मशीनचा हप्ता आहे. मोजून घ्या आणि पावती खालूनच सरकवा."

बाहुली तेवढी हसत होती.

"वहिनी, तुम्ही आत आहात?"

"नाही. आम्ही गावाला गेलोय. पावती द्या."

माणूस घाबरला होता, पण धंद्याचा होता. नोटा मोजल्याचा आवाज आला, कागद फाटल्याचा आवाज आला आणि पावती फटीतून आत आली. बॅगवाले खाली मान घालून बसले. संपलं होतं सगळं. उद्या सकाळी बिल्डिंगभर होणार, की बॅगवाले हप्त्याच्या भीतीने स्वतःच्या घरात लपले होते. हे गाव सोडून खरोखरच मेव्हण्याकडे जावं, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात समोरच्या कुलूपबंद दारामागे कोणीतरी खोकलं.

"भाऊ," नर्सताईंचा आवाज आला. "तसेच इकडे पण या."

बॅगवाल्यांनी दाराला कान लावला. समोरच्या फटीतून नोटा सरकत असल्याची सळसळ स्पष्ट ऐकू आली. आणि ती संपते न संपते तोच जिन्याच्या तळातून, कुलपाआडून, कोणालाही ओळखू यावा असा आवाज वर आला.

"वरचं आटोपलं की खाली या. आणि सुटे नाहीत ही सबब सांगू नका."

वसुलीवाला खाली गेला. त्याच्या चालण्यात आता भीती उरली नव्हती. मास्तरांच्या दाराखालून त्याला हवं ते मिळालं. मग दादांच्या दारापाशी तो थोडा जास्त वेळ थांबला. आतून दादांच्या बायकोचा आवाज येत होता, इतका खाली आलेला की बॅगवाल्यांना आधी तो तिचाच आहे हे पटेना. अर्धेच जमलेत, ती म्हणत होती, चालतील का. अजून त्या गेल्या वर्षीच्या छत्र्यांचेच फिटायचेत.

बॅगवाले अंधारात बसून राहिले. धक्के बसून बसून त्यांचं अंग बधिर झालं होतं, पण हा धक्का वेगळाच होता. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं की या बिल्डिंगमध्ये कर्ज आपल्याच घरात आहे, बाकीची घरं सुखात आहेत. त्या छत्र्या बघून त्यांनी दादांचा किती हेवा केला होता. आणि दादा त्या छत्र्यांचे हप्ते अजून भरत होते. मग त्यांना राग आला, कारण कल्पना त्यांची होती आणि सगळ्यांनी ती न विचारता उचलली होती. मागच्या बोळातले ते चोर कोण होते, हेही आता लख्ख कळलं. पण राग फार टिकला नाही. त्याखाली काहीतरी हलकं हलकं वाटत होतं, आणि असं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

फाटक बंद झालं. बिल्डिंगमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. अशा शांततेत चिमणीने मोठ्या आवाजात विचारलं, "बाबा, मग आता राज्य कोणावर?"

पहिल्यांदा हसू फुटलं ते समोर, नर्सताईंना. मग खाली दादांच्या पोरांना. मग मास्तरीणबाईंना, आणि त्यांच्या पाठोपाठ, घसा दोनदा साफ करूनही न आवरता, मास्तरांना. चारही घरांना बाहेरून कुलपं होती आणि चारही घरं अंधारात हसत होती. वहिनी तर तोंडाला पदर लावून लोळल्या. त्यांनी हसता हसता बॅगवाल्यांच्या पाठीत एक धपका घातला, आणि अबोला संपला.

म्हणून कोणी बाहेर आलं का? मुळीच नाही. सगळे ठरल्या दिवसापर्यंत गावालाच राहिले. नाताळ उलटल्यावर सकाळी एकेक कुटुंब बोळातून बाहेर पडून, वळसा घालून, पुढच्या फाटकातून बॅगांसह आत आलं. प्रवास कसा झाला, असं प्रत्येकाने प्रत्येकाला विचारलं. मास्तरांनी एका धबधब्याचं वर्णन केलं, ते इतकं बारकाईने की बॅगवाल्यांना वाटलं, माणूस खरंच जाऊन आला की काय. बॅगवाल्यांनी बाहुलीचा खोका नर्सताईंना परत दिला आणि तुमची बहीण घरी भेटली नाही असं सांगितलं. नर्सताई गंभीरपणे म्हणाल्या, तीही गावाला गेली असेल.

संध्याकाळी मास्तर वर आले. मेन स्विच चालू झाला होता, वहिनी फ्रॉकांचा ढीग उपसत होत्या आणि मशीन मोकळेपणाने धडधडत होतं. मास्तर खुर्चीच्या टोकावर बसले. त्यांना काहीतरी सुचवायचं होतं आणि ते कधी नव्हे ते शब्द शोधत होते. शेवटी म्हणाले की पुढच्या वर्षी सगळ्यांनी एकाच दिवशी निघावं हे बरं. म्हणजे मागच्या बोळात अंधारात एकमेकांना घाबरायला नको. बॅगवाल्यांना हे फारच पटलं. उकडलेले बटाटेही एकदमच आणले तर स्वस्त पडतील, असं त्यांनी सुचवलं. दोघं अगदी रंगात आले.

मशीन थांबलं.

"त्यापेक्षा ताटल्याच बंद करू या की," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांना धक्का बसला. बॅगवाल्यांना दुसऱ्यांदा तोच धक्का बसला. मास्तरांनी आवाज खाली आणला, बाहेर कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि म्हणाले, "अहो वहिनी, पण लोक काय म्हणतील?"

"कोण लोक?" वहिनींनी विचारलं.

मास्तरांनी बॅगवाल्यांकडे पाहिलं. बॅगवाल्यांनी समोरच्या नर्सताईंच्या दाराकडे पाहिलं, मग खाली दादांच्या घराकडे, मग पुन्हा मास्तरांकडे. दोघंही बराच वेळ ते लोक शोधत बसले. वहिनींनी सुईत दोरा ओवला आणि मशीन पुन्हा सुरू केलं.